सकाळी न उठणारी मोटार

माझे सासरे सांगत की त्यांनी आयुष्यात दोन गोष्टी स्वतः पारखून घेतल्या, बैल आणि मोटार. सून सासूबाईंनी पसंत केली होती. त्यामुळे सुनेत पुढेमागे काही खोट निघालीच तर तिची जबाबदारी त्यांच्यावर येत नव्हती, आणि मोटारीत निघाली तर ती सुनेमुळे आली असणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. ब्राह्मणपुरीला आमची काळी जमीन. त्या वर्षी कापसानं चांगला हात दिला म्हणून सासऱ्यांनी सुरतेच्या एका व्यापाऱ्याची वापरलेली मोटार आणली. ती दसऱ्याला घरात आली आणि मी माघात. दसऱ्यापासून माघापर्यंत मोटार ऐन थंडीतसुद्धा पहाटे हँडल फिरवलं की चालू होत असे, हे मला सगळ्यांनी सांगितलं. मुद्दाम कुणी सांगितलं नाही. पण पाण्याला जाताना, दळताना, ज्वारी निवडताना ते माझ्या कानांवर पडेल अशी सोय केली जात होती. होळी झाली, ऊन तापायला लागलं आणि मोटार सकाळी अडायला लागली. माझं लग्न होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. पायगुण हा शब्द माझ्यासमोर कुणी काढला नाही. सासूबाई फक्त माझ्या पायांकडे बघत आणि मग मोटारीकडे बघत.

मोटारीचं दुखणं असं होतं. रात्रभर उभी राहिली की पहाटे ती काही केल्या जागी होत नसे. आमचे हे हँडल घालून फिरवत. ती एकदा खोकल्यासारखी करी, पुन्हा गप्प. हे घामाघूम होत, गडी येऊन ढकलत, खळ्यातून वेशीपर्यंत नेत आणि वेशीवरून परत आणत. मग ऊन वर आलं, भाकरी झाल्या, माणसं जेवायला बसली की कुणीतरी सहज हँडल फिरवी आणि मोटार एका फटक्यात चालू होई. पुढे दिवसभर तिची काही तक्रार नसे. दुपारी शहाद्याला जाऊन येई, संध्याकाळी मळ्यात जाऊन येई. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच.

माझ्या नवऱ्यानं सुरतेला राहून मोटार चालवायची विद्या घेतली होती. तिथून येताना ते एक शब्द घेऊन आले होते, कार्बोरेटर. सकाळी मोटार अडली की ते बॉनेट उघडून थोडा वेळ आत बघत, आणि वैद्यानं नाडी सोडावी तसा हात काढून सांगत, "कार्बोरेटर शे." आमच्या बोलीत शे म्हणजे आहे. मग ते कार्बोरेटर काढत, फुंकत, धोतराच्या सोग्यानं पुसत, पुन्हा बसवत. एवढं होईपर्यंत दुपार होई आणि मोटार चालू होई. दुखणं कार्बोरेटरचंच, याबद्दल त्यांच्या मनात मग शंका राहायची नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा अडलं तर त्यांना राग येई, पण स्वतःच्या निदानाचा नव्हे, कार्बोरेटरचा.

सासूबाईंचं निदान वेगळं होतं. मोटारीला दृष्ट लागली होती. शेजारच्या गावचे लोक तिला बघायला येत, तिच्यावरून हात फिरवत आणि आपल्या बायकांना सांगत. सासूबाईंनी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, पुढच्या दोन दिव्यांच्या मधे लिंबू बांधलं. दुपारी मोटार चालू झाली. लिंबाचा गुण आला म्हणून त्यांनी गूळ वाटला. पुढच्या सकाळी लिंबू तसंच होतं आणि मोटारही तशीच होती.

मग कुणीतरी म्हणालं की ती दक्षिणेला तोंड करून उभी असते. गड्यांनी ढकलून तिचं तोंड पूर्वेला केलं. त्यानंतर शहाद्याच्या जिनिंगमधला फिटर आला. तो आपलं काम आटोपून यायचा म्हणजे भर दुपारी. त्यानं टोपी काढली, बाही वर केली, हँडलला हात लावला आणि मोटार चालू झाली. बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. फिटरनं प्लग नावाची काही वस्तू काढून बघितली, काळजी करण्यासारखं नाही म्हणाला, पुरणपोळीचं जेवण जेवला आणि गेला. पुढे कितीतरी वर्षं तो शहाद्यात सांगत असे की ब्राह्मणपुरीची मोटार आपल्या हाताला घाबरते.

थोडक्यात सांगायचं तर दुपारपर्यंत कुणाचाही उपाय लागू पडत असे, आणि सकाळी कुणाचाच नाही. मोटारीनं सगळ्यांना पाळीपाळीनं शहाणं ठरवलं होतं. अडचणीत होते ती मी एकटी, कारण आखाजी जवळ आली होती.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, हे मी खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी लिहिते. आमच्याकडे त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी असतात. निंबाला झोके बांधतात, गौराई बसलेली असते, सांजोऱ्या होतात, आणि वर्षभर तोंड मिटून काम केलेल्या पोरी झोक्यावर बसून मोठ्यानं गाणी म्हणतात. मी पहिल्याच वर्षाची सून. पहिली आखाजी माहेरी नाही केली तर गाव विचारतं की पोरीचं काय झालं. गावाचं सोडा, मला जायचं होतं. रात्री डोळे मिटले की रनाळ्याचा आमच्या दारातला निंब दिसायचा, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

माझं माहेर रनाळे, तापीच्या पलीकडे नंदुरबारच्या बाजूला. माझा थोरला भाऊ रीतीप्रमाणे बैलगाडी घेऊन मला न्यायला आला. बैलांच्या शिंगांना नवा रंग दिला होता, गाडीला तट्ट्या बांधला होता, खाली गादी घातली होती. सासऱ्यांनी त्याचं चांगलं स्वागत केलं, बैलांचे दात बघितले, वय बरोबर सांगितलं, आणि जेवण झाल्यावर म्हणाले, "तू जाय भाऊ. आम्हनी वहु मोटारमा यी."

भाऊ म्हणाला, "गाडी आनेलच शे, मामा."

"आम्हना दारमा मोटार शे आनि वहु गाडामा जाई? लोक काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील हे त्याला माहीत नव्हतं, आणि मोटार सकाळी उठत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी पहाटे रिकामी गाडी घेऊन निघाला. मी चुलीपुढे बसले होते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वेशीपर्यंत ऐकला आणि धूर डोळ्यांत गेला असं सासूबाईंना सांगितलं. त्याच वेळी खळ्यात हे हँडल फिरवत होते.

आता कुणी विचारेल, मोटार दुपारी चालू होत होती तर दुपारी का नाही गेलात. त्याला नियम होते. दुपारच्या उन्हात नवी सून बाहेर काढायची नाही, हा सासूबाईंचा नियम. तिन्हीसांजेला लेकीसुनांनी उंबरा ओलांडायचा नाही, हा सासऱ्यांचा. शिवाय मोटारीचा एक दिवा फुटलेला होता आणि तापीच्या पात्रात वाळूवर पाचट पसरून केलेला उन्हाळी रस्ता, तो अंधारात दिसायचा नाही. म्हणजे निघायचं ते पहाटेच. रोज पहाटे मी नवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर ओढून, मांडीवर बोचकं घेऊन मोटारीत मागे बसायची. हे हँडल फिरवायचे. ऊन वर आलं की सासूबाई म्हणायच्या, "उतर, भाकरी टाकनी शेत." मी उतरून लुगडं बदलायची आणि भाकरी टाकायला लागायची. गावातल्या बायका पाण्याला जाताना मला मोटारीत बसलेली बघत आणि पाणी घेऊन येताना उतरलेली बघत.

सासऱ्यांची मोटारीवर माया होती, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यांनी बैल जन्मभर जिवापाड सांभाळले होते आणि मोटार त्यांना वेगळी वाटत नव्हती. दिवसभर पळून आली की ते तिच्या बॉनेटवर तळहात ठेवत. चटका बसला की त्यांना वाईट वाटे. "मुका जीव शे," म्हणत. "कोनले सांगी ती?" मग त्यांनी कापसाच्या गाठींची दोन गोणपाटं एकत्र शिवून तिच्या तोंडाच्या मापाची झूल केली. पाण्याचा रांजण थंड राहावा म्हणून आपण ओलं फडकं गुंडाळतो, तशी ते रोज संध्याकाळी ती झूल भिजवून बॉनेटवर घालत. निजायच्या आधी कळशीभर पाणी पुन्हा वरून सोडत. पहाटे उठले की आधी झूल काढत, आपल्या उपरण्यानं पत्रा पुसून कोरडा करत, आणि मग ह्यांना हाक मारत. हे काम त्यांनी गड्यांना कधी करू दिलं नाही. बैलाच्या अंगाला जो हात लागतो तो मालकाचा असावा, असं त्यांचं मत होतं.

हे सगळं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. पण सगळ्यांचे डोळे मोटारीच्या आत काय आहे तिकडे होते. माझे तिकडे जाऊ शकत नव्हते. सासऱ्यांसमोर पदर हनुवटीपर्यंत असायचा, त्यामुळे माणसांचे चेहरे मला दिसत नसत. खालची जमीन मात्र स्वच्छ दिसे. त्या घरात कोण आलं हे मी वहाणांवरून ओळखत होते. अशीच एक दिवस मोटारीत चढायला गेले तेव्हा मला दिसलं की चाकांच्या बाजूची जमीन वाळलेली आहे, पण मोटारीच्या पोटाखाली, बरोबर मधे, चिखल झालाय. वरून थेंब पडत होते. बॉनेटच्या बाजूला उष्णता बाहेर जायला माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी होत्या. म्हणजे झुलीचं पाणी रात्रभर त्या फटींतून आत झिरपत होतं, आणि सासरे पुसत होते तो नुसता वरचा पत्रा.

मी मराठी सहावी शिकलेली. मोटारीतलं मला काही कळत नव्हतं. पण आत ठिणगी पडल्याशिवाय मोटार चालत नाही, एवढं ह्यांच्या बोलण्यातून ऐकलं होतं, आणि ओल्या काडेपेटीनं चूल पेटत नाही हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. रांजणाजवळ राहिलेली काडेपेटी उन्हात ठेवली की दुपारी पेटते. मोटारही दुपारीच पेटत होती. होळीनंतरच ती अडायला लागली, कारण झूल होळीनंतर आली. माझ्या पायांचा त्यात काही संबंध नव्हता, आणि हे कळल्यावर मला जो राग आला तो सांगण्यासारखा नाही.

मी ह्यांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "पानी तं पावसामाबी पडस. मंग काय मोटारी बंद पडतस?"

आणखी एक गोष्ट होती, ती ते बोलले नाहीत. झूल सासऱ्यांची होती. ती काढा असं म्हणणं म्हणजे वडिलांना जनावर सांभाळता येत नाही असं म्हणणं. त्यापेक्षा कार्बोरेटर रोज काढून पुसणं त्यांना सोपं होतं.

मग एके दिवशी सासरे एका लग्नाला अक्कलकुव्याकडे गेले आणि रात्री तिकडेच राहिले. मोटार नेली नव्हती, कारण यजमानांच्या दारात पहाटे ती अडली असती. त्या संध्याकाळी झूल घालायला कुणी नव्हतं. गड्यांना परवानगी नव्हती आणि ह्यांना आठवण नव्हती. मी रात्रभर नीट झोपले नाही. सासरे घरी नसताना मला निघायचं नव्हतं, पण पहाटे गड्यांना खळ्यात कपाशीच्या काड्यांची गाडी लावायची होती म्हणून ह्यांनी मोटार बाजूला घ्यायचं ठरवलं. हँडल घातलं आणि पहिल्या फटक्यात मोटार चालू झाली. मी दारातून बघत होते. खालची जमीन कोरडी होती.

मला वाटलं, आता सगळ्यांना कळेल. सासरे दुपारी आले, त्यांना ही बातमी सांगितली गेली, आणि ते बराच वेळ ओट्यावर बसून विचार करत राहिले. विचार झाल्यावर त्यांनी सासूबाईंना बोलावून सांगितलं, "ज्या दिन वहुले निंघनं ऱ्हास, त्या दिन मोटार उठस नही. ज्या दिन निंघनं नही, त्या दिन बरोबर उठस. हाऊ इशारा शे. यंदा ऱ्हाऊ द्या. आखाजी पुढला सालबी येस."

सासूबाई म्हणाल्या, "मी तं कव्हयनी सांगी ऱ्हायनू."

मी आत मुसळ धरून उभी होते. एवढे दिवस मोटारीचं जे काही झालं त्यात मला एक धास्ती होती, पण आशाही होती. आता आशा गेली. माझं जाणं मोटारीनं नाकारलं होतं, आणि मोटारीला विचारून खात्री करून घ्यायची तर ती उद्या पहाटे पुन्हा तेच सांगणार होती, कारण संध्याकाळी झूल भिजणार होती. मला रडू आलं नाही. माझ्यापेक्षा एका गोणपाटाचा शब्द त्या घरात मोठा होता, याचं आश्चर्य वाटत राहिलं.

सासऱ्यांशी मला बोलता येत नव्हतं. तशी रीतच नव्हती. पण रीत करणाऱ्यांनी तिच्यात एक फट ठेवलेली असते. सासऱ्याला ऐकवायचं ते सुनेनं सासूला सांगायचं, जरा मोठ्यानं. सासरा ऐकत नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. मोटारीबद्दल मी तसंही बोलू शकत नव्हते. मोटार हा पुरुषांचा विषय, आणि सुनेला त्यातलं कळतं असं दिसलं असतं तर ते पायगुणापेक्षा वाईट. बैलांबद्दल मात्र शेतकऱ्याच्या लेकीनं बोलावं, त्याला कुणाची हरकत नव्हती.

सासरे ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी आतल्या दाराशी डाळ पाखडत होते, सासूबाई समोर. मी म्हणाले, "आत्याबाई, मन्हा बाप तापेल बैलवर कधी पानी टाकत नही. वल्ला ऱ्हायना तं बैल रातमा आंग धरी लेस. मंग सकाये काय करा, उठस नही. ऊन वर येस तव्हय उठस."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मध्येच बैल कुठून आले. पण ओट्यावरचा अडकित्ता थांबला होता. मग तो पुन्हा चालू झाला, आणि थोड्या वेळानं बाहेरून भिंतीला उद्देशून आवाज आला, "तापेल जनावरले कोरडं ठेवनं पडस. हाई काय आम्हले नवं शे?"

मी मान खाली घालून डाळ पाखडत राहिले. संध्याकाळी सासरे झूल घेऊन खळ्यात गेले. ती त्यांनी भिजवली नाही. कोरडीच घातली, वर आपली घोंगडी टाकली, आणि मोटारीच्या तोंडाशी वारा लागू नये म्हणून कडब्याच्या पेंढ्या रचल्या. चैत्राअखेरच्या त्या उकाड्यात आम्ही सगळे अंगणात उघड्यावर तळमळत होतो आणि मोटार घोंगडी पांघरून निजली होती.

पहाटे ती पहिल्या हँडलला चालू झाली. ह्यांनी बॉनेटकडे बघितलं, उघडायचं कारणच उरलं नव्हतं म्हणून थोडे हिरमुसले. सासऱ्यांनी जमलेल्या गड्यांना सांगितलं, "तिले सर्दी हुई गयथी. मी पयलेच वळखं व्हतं, पन हाई पोऱ्यासले कोन सांगी?" सासूबाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं आणि जा म्हणाल्या. पायगुणाचं पुढे काय झालं, तो बरा होता की वाईट, याचा निकाल कुणी दिला नाही. एवढे दिवस तो विषय कुणी काढलाच नव्हता, त्यामुळे आता मिटवायचाही प्रश्न नव्हता.

सासरे स्वतः पुढे बसून मला पोचवायला आले. तापीच्या पात्रात पाचटावरून मोटार सरसर गेली, ऊन चढायच्या आत आम्ही रनाळ्याला. दारात निंबाला झोका बांधलेला होता. माझी आई ओवाळायला ताट घेऊन आली आणि तिनं आधी मला ओवाळलं, मग मोटारीला. सासरे पुरणपोळी जेवले, व्याह्यांच्या बैलांचे दात बघितले, आणि भर दुपारी मोटारीत बसून परत गेले. उन्हाचा नियम सुनेसाठी होता, सासऱ्यांना ऊन चालत असे. जाताना सांगून गेले की आखाजी झाली की लगेच पोरगा मोटार घेऊन येईल, तयार ठेवा.

ते दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. मी पदर खांद्यावर टाकून हिंडत होते आणि मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. मोटारीची गोष्ट मी झोक्यावर बसून पोरींना सांगितली, रात्री अंगणात आईला सांगितली. पोरी हसून हसून झोक्यावरून पडायच्या बाकी राहिल्या. आई हसली नाही. तिनं फक्त विचारलं, गोणपाट किती वेळ ओलं राहतं. मी म्हणाले, सकाळपर्यंत.

आखाजी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे मोटार घेऊन एकटेच आले. सासरे येऊ शकले नाहीत, आखाजीला सालदार गड्यांची वर्षाची बोली होते, त्यात ते अडकले होते. निरोप होता, पहाटे निघा, घरी कामं पडली आहेत. माझे वडील बरं म्हणाले. आईही बरं म्हणाली. लेकीला राहा म्हणणं म्हणजे व्याह्यांना नाही म्हणणं, आणि माझ्या आईनं ते कधी केलं नसतं. तिनं सांजोऱ्या बांधून ठेवल्या, माझं लुगडं घडी करून बोचक्यात घातलं, आणि दिवेलागणीच्या सुमाराला मला दिसलं की ती कोठीतून एक मोठं गोणपाट घेऊन निंबाखाली चालली आहे.

तिनं ते रांजणात बुडवलं, पिळलं नाही. मोटारीवर चारी बाजूंनी नीट बसवलं, जिथे फटी होत्या तिथे हातानं दाबून. मी ओट्यावर उभी होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बिचारी लई तापी गई. मुका जीव शे." आणि वरून एक कळशी सोडली.

मला त्या क्षणी तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी आत जाऊन ताटं मांडली.

पहाटे हे खळखळून तोंड धुऊन आले. वडील बोचकं घेऊन उभे, मी नवं लुगडं नेसून, आई अंगणात सडा टाकत. ह्यांनी हँडल फिरवलं. मोटार एकदा खोकली आणि गप्प झाली. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग त्यांचं लक्ष निंबाच्या बुंध्याशी गेलं. तिथे आईनं पहाटे काढून ठेवलेलं गोणपाट होतं, त्याच्याखाली पाण्याचं डबकं. त्यांनी खाली वाकून मोटारीच्या पोटाखालची जमीन बघितली. उभे राहून माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई सडा टाकतच होती, तिनं मान वर केली नाही. पाऊस पत्र्यावरून वाहून जातो, ओलं गोणपाट रात्रभर आत झिरपत राहतं, हे पावसाच्या प्रश्नाचं उत्तर आता त्यांना सापडलं होतं, आणि त्यांनी ते बोलून दाखवलं असतं तर आई सगळ्यांसमोर उघडी पडली असती.

त्यांनी बॉनेट उघडलं, आत थोडा वेळ बघितलं, आणि हात काढून माझ्या वडिलांना म्हणाले, "कार्बोरेटर शे, मामा."

वडील काळजीनं म्हणाले, "मंग कव्हय चालू व्हई?"

"दुपार व्हई. पन दुपारना उनमा वहुले कसं काढानं? आम्हनाकडे रीत नही."

दिवसभर मी झोक्यावर होते. हे निंबाखाली खाटेवर पडून माझ्या भावाशी गप्पा मारत होते, कार्बोरेटरला त्यांनी हातही लावला नाही. मोटार त्या दिवशी सावलीतून हललीसुद्धा नव्हती. संध्याकाळ झाली तेव्हा ते उठले, बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं हाक मारून म्हणाले, "मामी, ते गोनपाट कथं शे? मोटार आज लई तापनी."